हत्ती गेला, शेपूट राहिलें

जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाटूर फाटा लागतो. तेथूनच परतूरची वाट फुटते. शाळेंतून निवृत्त झाल्यापासून आमचा मुक्काम वाटुरांतच आहे. खेड्यांत आतां वेगवान इंटरनेट आलें असें जें सर्वत्र म्हटलें जातें, त्याचा अर्थ आम्हांस गेल्या आषाढांत, शेजारच्या एका प्रकारामुळें नीट कळला.

शेजारच्या आजींचा नातू पुण्याच्या एका कंपनींत संगणकाचें काम करितो. आजींचें खुब्याचें हाड मोडलें, घरांत दुसरें कोणी करणारें नाहीं, म्हणून तो लॅपटॉप घेऊन इकडे आला. कंपनीची अट एकच होती: कामाच्या वेळांत संपर्क तुटतां कामा नये. मोबाइलवर त्याचें भागेना. दुपारीं बरें चाले. पण सायंकाळीं सारा गांव चित्रफिती पाहूं लागला कीं त्याच्या बैठकींतले आवाज तुटत. टॉवरची शक्ति सर्वांत वांटली जाते, हें त्यानेंच आम्हांस समजाविलें. अखेर त्यानें घरीं फायबर घेतलें.

फायबर म्हणजे कांचेचा तंतू. त्याची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्यांतून विजेऐवजीं प्रकाश जातो, आणि आंतल्याआंत परावर्तन पावत कोसच्या कोस पुढें सरकतो. पूर्वीं कांचेंतील मळामुळें तो थोडक्यांत विझून जाई. कांच पुरेशी शुद्ध केल्यास तो दूरवर नेतां येईल, असें चार्ल्स काओ यांनीं १९६६ सालीं दाखविलें व त्याबद्दल त्यांस २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या देशांत विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सामान्य जनांस इंटरनेट खुलें केलें, तेव्हां टेलिफोनच्या तारेवरून सेकंदास ९.६ किलोबिट एवढाच वेग मिळे. नातवाच्या घरीं आतां १०० मेगाबिट, म्हणजे त्याच्या दहा हजार पटींहून अधिक! आम्हीं त्याच्या आजीस हें सांगितलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "एवढी घाई कशाला हो, गुरुजी?"

आणि मग नळाच्या चरासाठीं जेसीबी आला. पहिल्याच दिवशीं त्याच्या दांत्याखालीं तो तंतू तुटला. नातवाचें काम बंद, आणि त्याच तारेवरील सेवाकेंद्रही बंद. तेथें पीकविम्याचे अर्ज भरण्यासाठीं शेतकऱ्यांची रांग लागलेली. तक्रार केली कीं "माणूस निघाला आहे" असें उत्तर मिळे. चार दिवस नातू पहाटेच्या एस. टी.नें जालन्यास जाऊन एका स्नेह्याच्या दुकानांत बसला, आणि आजींजवळ आम्ही उभयतां. तिसऱ्या रात्रीं त्याच्या वरिष्ठांचा फोन आला. आठ दिवसांत व्यवस्था न झाल्यास पुण्यास परत यावें, असें त्यांनीं स्पष्ट कळविलें. आजींना त्यानें सांगितलें नाहीं, आम्हांस सांगितलें.

पांचव्या दिवशीं माणूस आला. त्यानें तंतूचीं दोन्ही टोकें सोलून, पुसून, एका लहान पेटींत समोरासमोर धरलीं. विजेची ठिणगी उडाली आणि कांच वितळून एकजीव झाली. काम अर्ध्या तासाचें! त्यासाठीं चार दिवस कां लागावे?

याचें उत्तर नातवानें दिलें तें असें. प्रत्येक ग्रामपंचायतीस फायबर पोंचविण्याची सरकारी योजना २०११ सालीं मंजूर झाली. २०१५ पासून ती भारतनेट म्हणून ओळखली जाते. ग्रामपंचायतीस निदान १०० मेगाबिट द्यावे असा तिचा संकल्प. पण जुन्या मांडणींत तार तालुक्याहून निघे ती एकेरीच. मध्यें कोठें तुटली कीं पुढचें सारें अंधारांत. शिवाय पंचायतीच्या कपाटापासून घराच्या उंबऱ्यापर्यंतचें अंतर कोणी तोडावयाचें, हा निराळाच प्रश्न. संस्कृतांत देहलीदीपन्याय म्हणून आहे: उंबऱ्यावरचा दिवा आंत व बाहेर दोहोंकडे उजेड देतो. अनेक गांवीं हा दिवा मात्र कचेरीच्या कपाटांतच राहिला. ऑगस्ट २०२३ मध्यें केंद्र सरकारनें १,३९,५७९ कोटींची सुधारित योजना मंजूर केली, तींत तार वर्तुळाकार टाकावयाची आहे. एका बाजूनें तुटली तर प्रकाश दुसऱ्या बाजूनें फिरून येईल. आमच्या मतें वेगाच्या जाहिरातींपेक्षां ही वर्तुळाची गोष्ट अधिक मोलाची आहे, कारण १०० ऐवजीं २० मेगाबिट असते तरी नातवाचें काम अडलें नसतें; अडलें तें शून्यामुळें.

तूर्त त्यानें स्वतःपुरतें वर्तुळ केलें आहे. फायबर आहेच, शिवाय दुसऱ्या कंपनीचें सिम घातलेला एक राऊटर माडीच्या खिडकींत ठेविला आहे, तेथें टॉवर बरा पकडतो. खर्च दुप्पट होतो, तो तो बोलत नाहीं. आजी आतां काठी घेऊन ओसरीपर्यंत येतात, आणि रस्त्यावर जेसीबीचा आवाज आला कीं आंत हांक मारितात, "अरे, तुझें चालू आहे ना?"