बहात्तर तासांत अठ्ठावीस शतकं

“दाजी, रोमला तीन दिवस? दोन दिवसांत उरकेल की! तिसऱ्या दिवशी काय करणार?”

मेव्हण्याने चहाची बशी खाली ठेवता ठेवता प्रश्न टाकला आणि मी त्याला उत्तर द्यायला कागद-पेन्सिल घेतली. तिथेच फसलो. रोमची सहल कागदावर मांडायला बसलं की सहल राहते बाजूला आणि माणूस शून्यं मोजत बसतो. तुम्हीही या, बसा माझ्याबरोबर. एकट्याने मोजायचं काम नाही हे.

आधी अंतर. मुंबईहून रोम सरळ रेषेत जवळजवळ ६,१७० किलोमीटर. मुंबई-पुणे १५० धरलं तर ४१ वेळा मुंबई-पुणे! तेही मधे कुठे वडा खायला न थांबता.

आता वेळ. तीन दिवस म्हणजे ७२ तास. त्यातून झोप वजा करा, जेवणं वजा करा, रांगा वजा करा, ‘पासपोर्ट कुठे ठेवलास’ म्हणत बॅग उपसण्याचा वेळ वजा करा. अगदी सढळ हाताने धरलं तरी बघण्यासाठी उरतात ३० तास. आणि रोममध्ये चर्च किती? नऊशेच्या आसपास! ३० तासांची होतात १,८०० मिनिटं. म्हणजे एका चर्चला २ मिनिटं. त्या दोन मिनिटांतच आत शिरायचं, मान वर करायची, तोंडाचा आ करायचा, बाहेर पडायचं आणि पुढच्या चर्चच्या दारात हजर व्हायचं. आणि ही झाली नुसती चर्च. अजून रोम सुरूच झालेलं नाही.

सुरू करू कलोसियमपासून. इ. स. ८० मध्ये ते खुलं झालं. लांबी १८९ मीटर, रुंदी १५६, उंची ४८, म्हणजे सोळा मजली इमारतीएवढी. प्रेक्षक सुमारे ५० हजार. आपलं वानखेडे ३३ हजारांचं, म्हणजे दीड वानखेडे! गर्दीच्या वेळची बारा डब्यांची लोकल पाच हजार माणसं कोंबून आणते असं धरलं, तर अशा दहा लोकल एका खेळाला रिकाम्या झाल्या. मग एवढी माणसं आत जात कशी होती? ८० कमानी होत्या, त्यातल्या ७६ जनतेसाठी आणि त्यांच्यावर चक्क नंबर. ५० हजार भागिले ७६ म्हणजे एका कमानीला साधारण ६६० माणसं. सेकंदाला एक माणूस सोडला तर ११ मिनिटांत अख्खं मैदान फुल्ल! दादरचा पूल संध्याकाळी सात वाजता ज्याने ओलांडलाय, त्याने इथे टोपी काढावी.

त्या कमानींचे नंबर आजही वाचता येतात. बाहेरची भिंत जिथे शाबूत आहे तिथे २३ पासून ५४ पर्यंतचे आकडे दगडात कोरलेले आहेत. त्यातला शेवटचा नीट बघा. चौपन्नमधला चार लिहिताना त्या कारागिराने सरळ चार उभ्या दांड्या ओढल्यात. आमच्या शाळेत असं लिहिलं असतं तर गुरुजींनी लाल शाईने गोल केला असता. ह्या पठ्ठ्याच्या चार दांड्या एकोणीस शतकं टिकल्या.

आणि दगड? ट्रॅव्हर्टाइन नावाचा दगड लागला एक लाख घनमीटर. ह्या आकड्याने काही डोळ्यांपुढे येत नाही, तेव्हा आपल्या बांधकामवाल्यांच्या भाषेत बोलू. एक लाख घनमीटर म्हणजे ३५ हजार ब्रासच्या वर! तीन ब्रासचा ट्रक धरा. झाले जवळजवळ १२ हजार ट्रक. आता हे ट्रक एकामागे एक उभे करा, प्रत्येकाला पुढच्या मोकळ्या जागेसकट साडेबारा मीटर द्या. रांग किती लांब होईल? १५० किलोमीटर! पहिला ट्रक पुण्यात पोहोचला तरी शेवटचा अजून मुंबईत हॉर्न वाजवतोय. आणि हे सगळं दहा वर्षांच्या आत, बैलगाड्यांवर.

दमलात? थोडं पुढे सर्कस मॅक्सिमस आहे. रथांच्या शर्यतींचं मैदान, लांबी ६२१ मीटर. त्याच्या अंदाजातला कमीत कमी आकडाच दीड लाख प्रेक्षकांचा आहे. साडेचार वानखेडे! आज तिथे नुसतं गवताळ मैदान आहे, पण आपण मनातल्या मनात तीस लोकल रिकाम्या करायच्या आणि पुढे निघायचं.

पुढे पँथिऑन. साधारण इ. स. १२६ चं. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तितकीच, म्हणजे आत चौदा मजली चेंडू अलगद बसेल. आपला विजापूरचा गोल घुमट आतून साधारण ३८ मीटर, आणि तो बांधला गेला ह्याच्यानंतर दीड हजार वर्षांनी! पँथिऑनच्या घुमटाचं वजन सांगतात ४,५३५ टन. रेल्वेचं डब्ल्यूएपी-७ इंजिन १२३ टनांचं. म्हणजे डोक्यावर ३७ इंजिनं लटकतायत आणि मधे एकही खांब नाही. सळईसुद्धा नाही! काँक्रीट आहे, पण लोखंडाचा एक तुकडा नाही. आपल्याकडे गॅलरीचा स्लॅब दहा वर्षांत गळायला लागतो. खालचं काँक्रीट जड, वरचं हलक्या ज्वालामुखी दगडाचं, असं जाणकार सांगतात. आपण मान डोलवू आणि वर बघू.

वर बघायलाच हवं. घुमटाच्या ऐन माथ्यावर आठ-नऊ मीटर रुंदीचं भोक आहे, उघडं. आपल्याकडच्या बागायती विहिरीएवढं! विहिरीत वाकून पाहिलं की तळाशी आभाळाचा तुकडा दिसतो ना, तसंच, फक्त इथे आपण तळाशी आणि विहीर डोक्यावर. पाऊस आला की सरळ आत पडतो आणि फरशीतल्या बारीक भोकांतून निघून जातो.

विहिरीवरून आठवलं, पाणी! प्राचीन रोमला पाणी आणणारे अकरा जलमार्ग होते. एकूण लांबी सुमारे ५०० किलोमीटर. मुंबईहून पुणे, पुण्याहून मुंबई, पुन्हा पुणे, आणि एवढं करूनही परत लोणावळ्याच्या अलीकडची चिक्की खाता येईल! बहुतेक लांबी जमिनीखालून, पंपाशिवाय, नुसत्या उतारावर. पाणी किती यायचं? अंदाज वेगवेगळे आहेत. त्यातला एक मोठा अंदाज दिवसाला दहा लाख घनमीटरचा. म्हणजे १०० कोटी लिटर. २० फूट रुंद आणि ४० फूट खोल, काठोकाठ भरलेल्या विहिरीत साडेतीन लाख लिटर मावतात. तेव्हा ह्या झाल्या दिवसाला २,८०० विहिरी. दर अर्ध्या मिनिटाला एक विहीर! तुम्ही हे वाक्य वाचून संपवेपर्यंत पुढची विहीर भरत आली. शहराची वस्ती दहा लाखांची धरली तर माणशी रोज हजार लिटर. आपल्या शहरांसाठी ठरवलेलं प्रमाण आहे १३५ लिटर. सातपट! आणि हे दोन हजार वर्षांपूर्वी, टँकरची वाट न बघता.

त्या अकरांतल्या एकाचं नाव अक्वा व्हर्गो, इ. स. पू. १९ मधला. लांबी २१ किलोमीटर, म्हणजे चर्चगेटहून अंधेरी. एवढ्या अंतरात उतार किती? अवघा चार मीटर! किलोमीटरला एक वीतसुद्धा नाही. चर्चगेटला सोडलेलं पाणी अंधेरीला पोहोचतंय आणि मधे कुठे तुंबत नाही, हे मुंबईकराला शपथेवर सांगितलं तरी पटायचं नाही. मधे पडझड झाली, दुरुस्त्या झाल्या, पण त्याच वारशाचं पाणी आज त्रेव्ही कारंज्यात खळाळतंय.

त्रेव्हीला पाठ करून उभं राहायचं, उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून नाणं टाकायचं, म्हणजे म्हणे रोमला परत येणं होतं. २०१६ साली ह्या श्रद्धेपोटी पाण्यात पडले सुमारे १४ लाख युरो! सोपा हिशेब, युरोला शंभर रुपये. १४ कोटी! रोजचे जवळजवळ पावणेचार लाख. मिनिटाला अडीचशेच्या वर. म्हणजे रात्रंदिवस, दर मिनिटाला दहा वडापाव पाण्यात! ही रक्कम गोळा होऊन गोरगरिबांच्या मदतीला जाते, एवढं ऐकलं की आपलंही नाणं हलक्या हाताने सुटतं.

आता एक कचऱ्याचा ढीग दाखवतो. टेस्टाचो नावाच्या भागात एक टेकडी आहे. उंची सुमारे ३५ मीटर, घेर जवळजवळ एक किलोमीटर, वर गवत, झुडपं. लांबून आपल्याकडचं एखादं म्हसोबाचं टेकाड वाटेल. पण ती टेकडीच नव्हे! ती फुटक्या रांजणांची रास आहे. ऑलिव्हचं तेल यायचं जाडजूड मातीच्या रांजणांतून. तेल मातीत मुरून खवट व्हायचं, रांजण पुन्हा वापरता यायचा नाही. मग फोडा, रचा आणि वास घालवायला वर चुना टाका. किती रांजण? अंदाज जातो ५ कोटी ३० लाखांपर्यंत! एका रांजणात साधारण ७० लिटर तेल, म्हणजे आपले १५ लिटरचे साडेचार डबे आणि वर थोडं. करा गुणाकार. जवळजवळ २५ कोटी डबे! महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाला, पाळण्यातल्या बाळासकट, जवळजवळ दोन-दोन डबे येतील. आणि खापरांवर शाईने लिहिलेलं अजून दिसतं: वजन, व्यापाऱ्याचं नाव, तपासणीची नोंद. रोमन साम्राज्य गेलं, पावती राहिली!

आता देश बदलू, चालत. व्हॅटिकन. क्षेत्रफळ ४४ हेक्टर. दादरची चार शिवाजी पार्क जोडा, झालं राष्ट्र! लोकसंख्या हजाराच्या आत, म्हणजे अख्खा देश एका बारा डब्यांच्या लोकलमध्ये बसेल, उभं कोणालाच राहावं लागणार नाही. पण ह्या इवल्याशा देशातल्या संग्रहालयांची दालनं जोडली तर सात किलोमीटर, सीएसएमटी ते परळ! मांडलेल्या वस्तू सुमारे २० हजार. एकीला अर्धा मिनिट दिलात तर न झोपता, न जेवता सात दिवस. मेव्हण्याच्या दोन दिवसांचं काय झालं, बघताय ना? शेजारी सेंट पीटर्स. घुमटावर जायला ५५१ पायऱ्या, म्हणजे एका दमात पाच वेळा पर्वती आणि वर थोडं. लिफ्टचे पैसे भरले तरी ३२० उरतातच. चौकात मधोमध इजिप्तचा दगडी स्तंभ, वजन सुमारे ३३० टन. १५८६ साली तो हलवायला नऊशे माणसं, घोडे आणि दोरखंड लागले. असे प्राचीन स्तंभ रोममध्ये १३ आहेत.

आणि आता खरी गंमत. हे सगळं किती भागात आहे? कलोसियमपासून सेंट पीटर्सपर्यंत जेमतेम साडेतीन-चार किलोमीटर. डेक्कनहून स्वारगेट! म्हणून आखणी सोपी. एक दिवस कलोसियम आणि आजूबाजूचे अवशेष, एक दिवस व्हॅटिकन, एक दिवस पँथिऑन, त्रेव्ही आणि पाय नेतील तिकडे. कलोसियम आणि व्हॅटिकनची तिकिटं वेळेसकट आधीच काढायची. व्हॅटिकनची संग्रहालयं बहुतेक रविवारी बंद, हे विसरायचं नाही. पाण्याची बाटली विकत घ्यायची नाही. रस्त्यात लोखंडी नाकासारख्या तोटीचे सुमारे अडीच हजार फुकट नळ आहेत. तोटीला बोट लावलं की वरच्या बारीक भोकातून धार उसळते, सरळ तोंडात.

शेवटचा हिशेब. दंतकथेप्रमाणे इ. स. पू. ७५३ मध्ये रोम्युलसने नांगर चालवून रोमची हद्द आखली. नांगर ऐकून पुणेकर मान डोलावतील. तेव्हापासून आजवर साधारण २,७७५ वर्षं. ती आपल्या ७२ तासांत बसवा. एक तास म्हणजे साडेअडतीस वर्षं! पहिल्या दिवशी सकाळी सहाला नांगर फिरला. मध्यरात्रीनंतर एक वाजता अक्वा व्हर्गोचं पाणी आलं. साडेतीनला कलोसियम उघडलं. पावणेपाचला पँथिऑन. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला पश्चिमेचा शेवटचा सम्राट गेला. तिसऱ्या दिवशी साडेचारनंतर सेंट पीटर्सचा पाया घातला, पावणेआठला काम पुरं. १२० वर्षं, घड्याळात तीन तासांच्या थोडं वर, म्हणजे एक डेक्कन क्वीन! त्यातच मायकेलअँजेलोने सिस्टाइन चॅपेलचं छत रंगवलं: चार वर्षं, सहा मिनिटं, चहा उकळेपर्यंत. सेंट पीटर्सनंतर पाच मिनिटांनी शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म. नऊला रायगडावर राज्याभिषेक. पहाटे चारला भारत स्वतंत्र. आणि सहाला आपलं परतीचं विमान!

मी मेव्हण्याला फोन लावला. गेल्याच महिन्यात त्याला अडतीस पूर्ण झाली.

“ऐक,” म्हटलं, “रोमच्या घड्याळात तू एक तासाचाही नाहीस.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग हळूच आवाज आला, “दाजी, चार दिवसांचं तिकीट मिळेल का?”