एकजण दौऱ्यावर, घरी दोन मुलं आजारी : निर्णय कुणी घ्यायचा?

निजामपुरा (बडोदा) : पावसाळा लागला की बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात सकाळपासून नंबर लागतात. त्या गर्दीत एक चित्र हमखास दिसतं. एक लेकरू कडेवर, दुसरं हाताला धरलेलं, खांद्याला पिशवी आणि कानाला मोबाईल. मोबाईलच्या पलीकडे नवरा, दहेजच्या साईटवर नाहीतर मुंबईच्या मीटिंगमध्ये. कधी चित्र उलटंही असतं : बायको ट्रेनिंगला गेलेली आणि नवऱ्याला धाकट्याचं वजन किती हे माहीत नसतं.

बडोद्याला मराठी माणूस नवा नाही. गायकवाडांच्या काळापासून दांडिया बाजार, रावपुरा भागात मराठी घरं आहेत. तिथे मूल आजारी पडलं तर हाक मारायला काकू, आत्या जवळ असायच्या. निजामपुऱ्यात मात्र बरीच तरुण जोडपी नोकरीसाठी आलेली, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी. विद्यापीठ जवळ, छाणीमार्गे कारखान्यांकडे जायला रस्ता सोयीचा. आईवडील मात्र धुळ्याला, जळगावला, कोल्हापूरला नाहीतर बेळगावला. सुरत, इंदूर, हैदराबाद, बंगळुरूतल्या मराठी घरांचीही गोष्ट हीच. म्हणून हा लेख निजामपुऱ्याचा असला तरी हिशेब सगळ्यांसाठी आहे.

खरा उशीर कुठे होतो?

आरोग्य क्षेत्रात ‘तीन उशीर’ नावाची एक मांडणी आहे. बाळंतपणात बायका का दगावतात, हे शोधताना थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासकांनी ती १९९४ मध्ये मांडली. पहिला उशीर दवाखान्यात जायचं ठरवण्यात, दुसरा तिथे पोहोचण्यात आणि तिसरा पोहोचल्यावर उपचार मिळण्यात.

ती मांडणी लहान मुलांच्या आजारालाही लागू पडते. शहरात दुसरा उशीर कमी झालाय. निजामपुऱ्यातून सयाजीराव रुग्णालय, म्हणजे सगळे ज्याला एसएसजी म्हणतात ते, शहरातच आहे. गोत्रीला सरकारी रुग्णालय आहे, १०८ आहे. अडतं ते पहिल्या उशिरापाशी. ‘ह्यांना विचारते’, ‘सासूबाईंना फोन करते’, ‘सकाळपर्यंत बघू’. तिकडे फोन रेंजमध्ये नाही, नाहीतर गाडीत झोप लागलेली. आणि घरी असलेल्या माणसाला वाटतं, उगाच धावपळ केली तर लोक काय म्हणतील, खर्च किती होईल?

म्हणून पहिला नियम : निर्णय घरी असलेल्याचा. दौऱ्यावरच्या माणसाला कळवायचं, परवानगी मागायची नाही. हे दोघांनी मुलं बरी असताना ठरवायचं. ताप चढल्यावर नाही.

कधी थांबायचंच नाही?

आशा-अंगणवाडी ताईंपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना शिकवल्या जाणाऱ्या धोक्याच्या खुणा आहेत. कागदावर लिहून फ्रिजवर लावा :

- मूल काहीच पीत नाही, अंगावरचं दूध ओढत नाही
- पोटात गेलेलं सगळं उलटून टाकतं
- झटके किंवा आकडी येते
- मूल मरगळलेलं आहे, उठवूनही नीट उठत नाही
- श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो
- तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा त्याहून जास्त ताप आहे

यातलं एक जरी दिसलं तरी रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघायचं. फोन रिक्षात बसल्यावर करायचा.

श्वास मोजणंही सोपं आहे. मूल शांत असताना पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असेल, तर तो वेगवान श्वास. न्यूमोनियाची शंका घेऊन डॉक्टरांना दाखवायचं.

गुजरातमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावं, चांदीपुरा. हा विषाणू १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडला, म्हणून हे नाव. २०२४ च्या पावसाळ्यात साबरकांठा-अरवल्ली भागापासून गुजरातमध्ये त्याची साथ आली. वाळूमाशी चावल्याने तो पसरतो आणि जास्त करून १५ वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. जोराचा ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी हा प्रवास काही तासांत होऊ शकतो. प्रत्येक ताप चांदीपुरा नसतो, घाबरायचं कारण नाही. पण ताप आणि झटके एकत्र दिसले तर ‘सकाळपर्यंत बघू’ चालत नाही.

ताप, दोन मुलं आणि एक बाटली

दोन मुलं एकदम आजारी पडली की मोठी गडबड होते ती औषधाच्या मापात. पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो : एका किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. दोन डोसांत निदान चार तास हवेत आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा द्यायचं नाही. मेडिकलमध्ये त्याच औषधाच्या वेगवेगळ्या ताकदीच्या बाटल्या मिळतात. कुठे पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, कुठे २५०. लहान बाळांचे ड्रॉप्स तर एका मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम. मोठीची बाटली धाकट्याला त्याच मापाने दिली तर डोस दुप्पट होतो.

उपाय वहीचा. आपण किराणा उधारी लिहितो तशी : नाव, वेळ, ताप किती, औषध किती, लघवी झाली का. रात्री तीनला झोपेत दिलेला डोस सकाळी आठवत नाही. डॉक्टरांनाही हीच वही सगळ्यात आधी दाखवा. दोन्ही मुलांची वजनं आणि त्यानुसार डॉक्टरांनी सांगितलेलं माप वहीच्या पहिल्या पानावर.

डेंग्यूच्या दिवसांत आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड ही औषधं स्वतःच्या मनाने देऊ नका, रक्तस्रावाचा धोका असतो. ॲस्पिरिन तर मुलांना नाहीच. डेंग्यूत ताप उतरला म्हणजे सुटलो असंही नाही. पोट दुखणं, सतत उलट्या, हातपाय गार पडणं ही लक्षणं ताप उतरतानाच दिसू शकतात.

खोकल्याच्या औषधाबद्दल तर आता बोलायलाच हवं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात विषारी कफ सिरपने लहान मुलांचे जीव गेले. त्यांतल्या अनेक मुलांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. त्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने पुन्हा बजावलं की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांच्या आत सहसा सुचवली जात नाहीत. एकट्या माणसाला रात्री मुलाचा खोकला ऐकवत नाही हे खरं. पण मागच्या वर्षीची अर्धी बाटली काढू नका.

जुलाब : पाणी आधी, सलाईन नंतर

जुलाबात मूल दगावतं ते पाणी आणि क्षार गेल्याने. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले. तेच हे आपलं ओआरएस. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी, छोटं २०० मिलिलिटरसाठी, पाकिटावर वाचून घ्या. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकू नका. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, मोठ्याला १०० ते २००. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याने पुन्हा. सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक.

एक सावधानता : दुकानात ओआरएससारखी दिसणारी गोड पेयं मिळायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ शब्द वापरायला मनाई केली. तरीही खोक्यावरची माहिती वाचूनच घ्या.

सही एकट्या आईची चालते का?

हा प्रश्न बरेच जण विचारतात. सरळ उत्तर, चालते. मुलाच्या उपचारांना आई किंवा वडील, कुणा एकाची संमती पुरते. कायद्यातही आधार आहे. लेखिका गीता हरिहरन यांना मुलाच्या नावावर रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचे होते, तेव्हा वडिलांच्या सहीचा मुद्दा आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९९ च्या निकालाने सांगितलं, की हिंदू पालकत्व कायद्यातल्या ‘वडिलांनंतर आई’ याचा अर्थ वडील वारल्यानंतर असा नाही, तर वडिलांच्या अनुपस्थितीत असा आहे. वडील दुसऱ्या गावी राहत असल्याने मुलाकडे बघू शकत नसतील, तर तीही अनुपस्थितीच. म्हणजे नवरा दौऱ्यावर असताना घरची बाई कमी हक्काची पालक ठरत नाही.

आणि जीवावर बेतलेलं असेल तर आधी उपचार, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा प्रकरणातच स्पष्ट केलंय. डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणं पहिलं.

कार्ड कुणाच्या खिशात?

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट पटलेली आहे : पैसे असणं वेगळं आणि वेळेला हातात असणं वेगळं. कंपनीचा मेडिक्लेम नवऱ्याच्या नावावर, कार्ड त्याच्या पाकिटात आणि पाकीट दहेजला. मग कॅशलेस कसलं?

- ई-कार्डाचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये. पॉलिसी नंबर वहीतही, कारण मोबाईल बंद पडतो.
- विमा नियामकाच्या २०२४ च्या आदेशाप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. विमा डेस्कवर हे माहीत असल्याचं जाणवू द्या.
- आयुष्मान कार्ड (पीएम-जय) देशभरातल्या संलग्न रुग्णालयांत चालतं, राज्याची सीमा आड येत नाही. चौकशी १४५५५ वर. पण महाराष्ट्राची महात्मा फुले जनआरोग्य योजना बडोद्यात चालेलच असं धरून चालू नका. आधी विचारा.
- घरी राहणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यात आठवडाभराच्या खर्चाइतके पैसे आणि थोडी रोकड. रात्री सर्व्हर डाऊन असला की यूपीआय कामाचं नाही.
- लसीकरणाचं कार्ड, गुजरातमध्ये त्याला ममता कार्ड म्हणतात, त्याच फाईलमध्ये.

भाषा : ताव, झाडा आणि दौरा

घाईत शब्द अडतात. आपण जेवणावर ताव मारतो, गुजरातीत ताव म्हणजे ताप. जुलाबाला झाडा, खोकल्याला उधरस, झटक्याला खेंच. ‘केसबारी’ म्हणजे केसपेपरची खिडकी. कर्नाटकात तापाला ज्वर, खोकल्याला केम्मु, उलटीला वांती म्हणतात. इंदूर-भोपाळकडे डॉक्टरांनी ‘दौरा पडा था क्या?’ विचारलं तर ते नवऱ्याच्या दौऱ्याबद्दल विचारत नाहीत, मुलाला झटका आला होता का असं विचारतात. चुकीचं ‘हो’ महागात पडेल.

दुसरं मूल कुणाकडे?

एकाला घेऊन निघायचं तर दुसऱ्याला कोण बघणार? अनेक जण याच प्रश्नावर अडतात आणि तासभर घालवतात. दोन घरं आधीच ठरवून ठेवा. एक त्याच मजल्यावरचं, एक चालत जाण्याच्या अंतरावरचं. समोरच्या भाभींना, खालच्या काकींना आजच विचारा, ‘रात्री वेळ आली तर धाकट्याला तुमच्याकडे ठेवू का?’ गुजराती शेजार याबाबतीत सहसा नाही म्हणत नाही, पण विचारायला संकोच आपणच करतो. दुसरं मूलही आजारी असेल तर दोघांनाच घेऊन निघा. १०८ ला सांगा, दोन मुलं आणि एकच मोठं माणूस आहे.

जळगाव-नंदुरबारकडची आजी सुरतमार्गे गाडीने दुसऱ्या दिवशी येऊ शकते. तिला बोलवायचं ते पहिल्या रात्रीसाठी नाही, ती तर निघून गेलेली असते. तिसऱ्या-चौथ्या दिवसासाठी बोलवायचं, जेव्हा मुलं सावरतात आणि घरातला माणूस आडवा पडतो.

दौऱ्यावर असलेल्याने काय करायचं?

दर अर्ध्या तासाने ‘आता ताप किती?’ विचारणं ही मदत नाही, ती हजेरी झाली. दुरून होण्यासारखी कामं भरपूर आहेत. विमा कंपनीला कळवणं, शाळेला निरोप, औषधं आणि खिचडी घरपोच मागवणं, सासर-माहेरचे फोन स्वतः घेणं, परतीचं तिकीट काढणं. फोनची वेळ ठरवा, सकाळी एक, रात्री एक. बाकी निरोप लिहून. आणि निर्णय झाल्यावर ‘एवढ्यासाठी कशाला ॲडमिट केलंस?’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. एकदा ते ऐकलेलं माणूस पुढच्या वेळी थांबतं, आणि आजारी मुलाच्या बाबतीत थांबणंच महागात पडतं.

पुढच्या दौऱ्याची बॅग भरताना दहा मिनिटं काढा. मुलांची वजनं, डॉक्टरांचा नंबर, दोन शेजारी, कार्डाचा फोटो आणि फ्रिजवरचा कागद. नवरा-बायको दोघांनी तो एकदा मोठ्याने वाचा. मग ज्याला जायचंय त्याने खुशाल जावं.