झाडावर चढलेली क्लेमॅटिस

सह्याद्रींतील मोरवेल आणि रानजाई ज्या कुळांतील, त्यास विलायतेंत क्लेमॅटिस म्हणतात. हिमालयांतील मोंटाना ही त्यांचीच बहीण. १८३१ सालीं ती इंग्लंडांत गेली. तेथें जुन्या झाडांवर ती दहा-दहा मीटर चढते.

तिचीं पानें समोरासमोर येतात, एकेका देठावर तीन पर्णिका. तणावे नसतात, पानाचा देठच फांदीस वेढा घालतो. फुलाच्या चार पांढऱ्या वा गुलाबी ‘पाकळ्या’ वास्तविक बाह्यदलें होत.

परंतु कात्री केव्हां चालवावी, हा खरा प्रश्न. तेथील मे महिन्यांत मोंटाना गेल्या वर्षींच्या काडीवर फुलते. हिवाळ्यांत ती छाटणें म्हणजे वसंताचा बहर कळींतच मारणें होय. फुलें गळतांच छाटावी. उलट, उन्हाळ्याच्या अखेरीस नव्या काडीवर फुलणाऱ्या जाती फेब्रुवारी-मार्चमध्यें खालच्या सशक्त डोळ्यांवर निःशंक कापाव्या. ओळख पटत नसेल तर एक वर्ष थांबून फुलण्याचा महिना पाहावा. माळ्याची घाई येथें महाग पडते.

झाडाचा श्वास कोंडला असेल तर वेल बुंध्याशीं कापण्यावांचून गत्यंतर नाहीं. मात्र मोंटानाच्या जून लाकडास पुन्हां फूट येईलच असें नाहीं. कापलेले वेढे ओढूं नयेत, झाडाच्या डहाळ्या मोडतात. ते वाळूं द्यावे, मग तुकडे करून उतरवावे.