अविश्वसनीय निवेदक

अविश्वसनीय निवेदक ही कथनशास्त्रातील एक संकल्पना आहे. कथा, कादंबरी, नाटक किंवा चित्रपटातील ज्या निवेदकाने सांगितलेली हकीकत वाचकाला जशीच्या तशी खरी मानता येत नाही, त्यास अविश्वसनीय निवेदक असे म्हणतात. असा निवेदक बहुधा प्रथमपुरुषी असतो. तो हेतुपुरस्सर खोटे बोलत असेल, स्वतःचीच समजूत घालत असेल, अथवा वय, आजार, नशा किंवा आघात यांमुळे त्याला घडलेले नीट आठवत नसेल. यांपैकी शेवटचा प्रकार, म्हणजे विस्मरणग्रस्त निवेदक, वाचकाची सर्वाधिक कसोटी पाहतो. दक्षिण कोरियाचे लेखक किम योंग-हा यांची २०१३ मधील रहस्यप्रधान लघुकादंबरी हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

संज्ञा आणि प्रकार

ही संज्ञा अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात रूढ केली. लेखनकृतीतून सूचित होणारी मूल्ये आणि निवेदकाची मूल्ये यांत अंतर पडले की निवेदक अविश्वसनीय ठरतो, असे बूथ यांचे प्रतिपादन होते. पुढील अभ्यासकांनी या अंतराचे वेगवेगळे प्रकार दाखवले. निवेदक तथ्ये चुकीची सांगू शकतो, तथ्यांचा अर्थ चुकीचा लावू शकतो किंवा चुकीचा नैतिक निवाडा करू शकतो.

तथ्ये लपवणाऱ्या निवेदकाचे प्रसिद्ध उदाहरण अगाथा ख्रिस्ती यांच्या १९२६ मधील रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनावरील कादंबरीत आढळते. तेथील निवेदक फारसे खोटे बोलत नाही. तो मोक्याच्या क्षणांविषयी मौन पाळतो. मराठीत भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका' (१९६५) या पुस्तकातील पोक्या हा नैतिक अंतराचे उदाहरण मानता येतो. तो पाहिलेले बेधडक सांगतो, मात्र त्याचे निवाडे वाचकाने स्वीकारावेत अशी पुस्तकाची अपेक्षा नसते.

विस्मरणग्रस्त निवेदक

खोटे बोलणाऱ्या निवेदकाला सत्य ठाऊक असते. वाचकाने त्याला पकडले की कोडे सुटते. विस्मरणग्रस्त निवेदकाला मात्र सत्य स्वतःलाच ठाऊक नसते. अल्झायमरसारख्या आजारात सामान्यतः नजीकच्या काळातील आठवणी आधी पुसट होतात आणि जुन्या आठवणी तुलनेने अधिक काळ टिकतात. काही रुग्णांच्या बाबतीत स्मृतीतील रिकाम्या जागा कल्पित तपशिलांनी नकळत भरल्या जातात. यात फसवण्याचा हेतू नसतो. सांगणाऱ्याला ते खरेच वाटत असते. त्यामुळे अशा निवेदकाविषयी 'तो खोटे का बोलतो?' हा प्रश्न गैरलागू ठरतो. त्याऐवजी 'त्याला हे कशाच्या आधारे माहीत आहे?' असा प्रश्न विचारावा लागतो.

किम योंग-हा यांची लघुकादंबरी

किम योंग-हा यांचा जन्म १९६८ मध्ये झाला. लहानपणी कोळशाच्या वायूची विषबाधा झाल्याने त्यांच्या वयाच्या दहा वर्षांपूर्वीच्या आठवणी नष्ट झाल्या. त्यांच्या या लघुकादंबरीच्या कोरियन शीर्षकाचा शब्दशः अर्थ 'खुन्याची स्मरणपद्धती' असा होतो. क्रिस ली यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१९ मध्ये 'डायरी ऑफ अ मर्डरर' या नावाच्या संग्रहात प्रसिद्ध झाला.

कथानक

निवेदक किम ब्योंग-सू हा सत्तर वर्षांचा निवृत्त पशुवैद्य आहे. त्याने पूर्वी अनेक खून केले असून तो कधीही पकडला गेलेला नाही. शेवटच्या खुनाला पंचवीस वर्षे झाली की सव्वीस, हे त्याला आरंभीच निश्चित सांगता येत नाही. अल्झायमरचे निदान झाल्यावर तो वहीत नोंदी करू लागतो आणि गळ्यात ध्वनिमुद्रक अडकवतो. आपल्यासोबत उन-ही ही दत्तक मुलगी राहते आणि तिची आई आपली शेवटची बळी होती, असे तो सांगतो. परिसरात तरुणींचे खून होऊ लागतात. एका किरकोळ मोटार अपघातात भेटलेला पाक जू-थे हाच खुनी असून तो उन-हीच्या मागावर आहे, अशी निवेदकाची खात्री होते. मुलीला वाचवण्यासाठी तो अखेरचा खून करण्याची तयारी करतो.

अखेरीस हा संपूर्ण डोलारा कोसळतो. पोलिसांच्या सांगण्यानुसार उन-ही ही त्याची मुलगी नसून देखभालीसाठी घरी येणारी सेविका होती. पाक जू-थे हा तपास करणारा पोलीस होता. सेविकेचा खून झालेला आहे आणि संशय निवेदकावरच आहे. कादंबरीत प्रज्ञापारमिता परंपरेतील हृदयसूत्राचा संदर्भ येतो. त्यातील शून्यतेचा विचार शेवटी निवेदकाच्या रिकाम्या होत गेलेल्या मनाशी भिडतो.

वाचनाची रीत

कादंबरीची रचना लहान-लहान तुकड्यांची आहे. काही नोंदी एका-दोन वाक्यांच्या आहेत. दोन नोंदींच्या मधली कोरी जागा हीच या कथनातील सर्वांत महत्त्वाची खूण होय, कारण तेवढ्या अवधीत काय घडले हे निवेदकाला माहीत नसते. वाचकाला पुढील बाबींकडे लक्ष द्यावे लागते.

पहिली बाब परस्परविरोधी तपशिलांची आहे. घराभोवती वावरणारा कुत्रा आपला की शेजाऱ्याचा, याची उत्तरे बदलत जातात. हा तपशील प्रथम वार्धक्यातील सामान्य गोंधळ वाटतो. कुत्र्याबाबत चुकणारा माणूस मुलीबाबतही चुकू शकतो, हे मागाहून ध्यानात येते.

दुसरी बाब इतरांच्या बोलण्याची आहे. संवाद निवेदकाच्या वहीतूनच वाचकापर्यंत पोहोचतात, त्यामुळे तो स्वतंत्र पुरावा ठरत नाही. तरीही निवेदकाला न समजलेले एखादे वाक्य नोंदीत तसेच राहून जाते आणि अशा वाक्यांतून बाहेरचे जग डोकावते.

तिसरी बाब गैरसमजाची आहे. निवेदक सांस्कृतिक केंद्रातील काव्यवर्गाला जातो. त्याने कवितेत केलेले हत्येचे वर्णन शिक्षकाला ताजे रूपक वाटते. वस्तुतः ते शब्दशः सत्य असते. शिक्षक सत्याला कल्पना समजतो, तर कादंबरीचा वाचक कल्पनेला सत्य समजत असतो. दोघांची चूक एकाच प्रकारची आहे: सांगणाऱ्याच्या आत्मविश्वासावरून मजकुराची जात ठरवणे.

रहस्यकथेत वाचकाला शेवटी पूर्ण उलगड्याची अपेक्षा असते. बाबूराव अर्नाळकर यांच्या झुंजार आणि काळापहाड यांच्या कथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला ही अपेक्षा परिचित आहे. येथे ती अंशतःच पूर्ण होते. पोलिसांची हकीकत अधिक सुसंगत असली, तरी तीही याच निवेदकाच्या मनातून आलेली असते. शिवाय ज्याला शिक्षा व्हावी त्याला आपला गुन्हाच आठवत नाही. मारल्या गेलेल्या व्यक्तींची नोंद त्याच्या स्मृतीखेरीज कोठेही नसेल, तर ती स्मृती गेल्यावर त्यांच्या मृत्यूचा साक्षीदारही उरत नाही. कादंबरीतील भयाचा मुख्य स्रोत हा आहे. घडलेले लक्षात ठेवण्याचे काम त्यामुळे वाचकावर येऊन पडते.

मराठी आणि भारतीय संदर्भ

भारतीय परंपरेत विस्मरणाची सर्वपरिचित कथा शाकुंतलाची आहे. कालिदासाच्या नाटकात दुर्वासाच्या शापाने दुष्यंत शकुंतलेला विसरतो आणि अंगठी दिसताच त्याला सर्व आठवते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल' (१८८०) या नाटकाने ही कथा मराठी रंगभूमीवर लोकप्रिय केली. तेथे दुष्यंत विसरला तरी प्रेक्षक विसरलेला नसतो. शाप प्रेक्षकाने ऐकलेला असतो, त्यामुळे सत्य काय याविषयी त्याला शंका नसते. किम यांच्या कादंबरीत वाचकाला असे बाहेरचे आसन मिळत नाही, आणि हरवलेले परत देणारी अंगठीही नाही.

काळाचा क्रम मोडून प्रथमपुरुषी निवेदन करण्याचा महत्त्वाचा मराठी प्रयोग किरण नगरकर यांच्या 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४) या कादंबरीत आढळतो. खोताची वाडी, खटाववाडी अशा वाड्यांच्या गिरगावातील मौज प्रकाशन गृहाने ती प्रसिद्ध केली. तिचा निवेदक कुशंक पुरंदरे हा स्मृतिभ्रंशाचा रुग्ण नाही. मात्र त्याच्या आयुष्यातील प्रसंग तुकड्यांनी, मागे-पुढे होत येतात आणि त्यांची जुळणी वाचकाला करावी लागते. सात सक बेचाळीस होतात. शीर्षकातील हिशेब एकाने चुकलेला आहे. सांगितलेल्या गोष्टींची बेरीज आयुष्याएवढी येत नाही, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

चित्रपट

चित्रपटात कॅमेरा निवेदकाबाहेरचे जग दाखवत असल्याने हा प्रकार साधणे अवघड असते. किम यांच्या कादंबरीवर दिग्दर्शक वॉन शिन-यॉन यांनी २०१७ मध्ये कोरियन चित्रपट काढला. त्यात सोल ग्योंग-गु यांची प्रमुख भूमिका असून उन-ही ही निवेदकाची प्रत्यक्ष सोबत राहणारी मुलगी आहे. त्यामुळे कादंबरीतील सर्वांत मोठा धक्का तेथे वेगळे रूप घेतो. आमिर खान यांच्या 'गजनी' (२००८) या हिंदी चित्रपटातील नायकही लिहून ठेवलेल्या नोंदींवर विसंबतो, तथापि त्याचा भूतकाळ प्रेक्षकाला विश्वसनीयपणे दाखवलेला आहे.

टीका आणि मर्यादा

स्मृतिभ्रंशाची सांगड हिंसेशी घातल्यास रुग्णांविषयी अकारण भीती निर्माण होऊ शकते, असा आक्षेप या प्रकारच्या कथांवर घेता येतो. किम यांच्या निवेदकाची हिंसा आजारातून उद्भवलेली नाही. ती आजाराच्या कितीतरी आधीची आहे. हा भेद वाचताना लक्षात ठेवणे आवश्यक ठरते.

या संदर्भात सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' (२०१३) हा मराठी चित्रपट तुलनेसाठी उपयुक्त आहे. मोहन आगाशे यांनी साकारलेले चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे विद्वान स्मृतिभ्रंशामुळे एका हत्तीमागोमाग चालत जातात आणि हरवतात. माहुताची पत्नी चन्नम्मा त्यांना सांभाळते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शास्त्रींचे बोलणे तथ्य म्हणून विश्वसनीय नसते. चन्नम्मा त्याची शहानिशा करत बसत नाही. ती त्यांना खाऊ घालते. कादंबरीचा वाचक विस्मरणग्रस्ताच्या शब्दांची पडताळणी करतो, कारण तेथे इतरांचे प्राण पणाला लागलेले असतात. प्रत्यक्ष रुग्णाच्या सहवासात मात्र प्रत्येक चूक सिद्ध करणे हे उद्दिष्ट नसते.