काचेच्या समुद्रातला उपाशी खेकडा

घरातील खाऱ्या पाण्याची प्रवाळपेटी नव्याने सजवली जाते, तेव्हा बहुधा मासे येण्याआधीच तीत खेकडे सोडले जातात. नखाएवढ्या शंखात बिऱ्हाड थाटणारे निळ्या पायांचे हर्मिट क्रॅब, लालभडक पायांचे त्यांचे भाऊबंद आणि पाचूच्या रंगाचा एमरल्ड क्रॅब ही त्यांतील नेहमीची मंडळी. दुकानात ती ‘सफाई पथक’ म्हणून विकली जातात. शेवाळ खातील, माशांचे उरलेसुरले अन्न वेचतील आणि पेटी आपोआप स्वच्छ राहील, असे ग्राहकाला सांगितले जाते. पहिले काही आठवडे तसे घडतेही. काच लख्ख होते, खडकावरचे केसाळ शेवाळ नाहीसे होते. पुढे काही महिन्यांनी एकेक शंख हलायचा थांबतो. ते कुणाच्या लवकर ध्यानातही येत नाही, कारण रिकामा शंख आणि आत खेकडा मरून पडलेला शंख वरून सारखेच दिसतात.

या मृत्यूचे कारण अनेकदा रोग नसते. शेवाळ संपलेले असते आणि ‘सफाई कामगाराला’ वेगळे अन्न द्यावे लागते, हे कुणी सांगितलेलेच नसते.

स्वच्छ पेटी, रिकामे ताट

निळ्या पायांचा हर्मिट मूळचा कॅरिबियन समुद्राच्या उथळ, खडकाळ किनाऱ्यावरचा. एमरल्ड क्रॅबही त्याच परिसरातला. तेथे प्रत्येक भरती नवे अन्न घेऊन येते. खडकावर शेवाळाचा पातळ थर सतत वाढत असतो, त्याच्या जोडीला कुजका पाला, सूक्ष्म जीव आणि मेलेल्या प्राण्यांचे अवशेष मिळतात. खेकडा केवळ शाकाहारी नसतो. जे सापडेल ते खाणारा तो सर्वभक्षी प्राणी आहे.

प्रवाळपेटीची व्यवस्था नेमकी याच्या उलट असते. प्रवाळांना स्वच्छ पाणी लागते म्हणून फेस काढणारे यंत्र, गाळण्या आणि नियमित पाणीबदल यांच्या साहाय्याने पाण्यातील सेंद्रिय कण काढून टाकले जातात. पेटी जितकी नेटकी, तितके खेकड्याचे ताट रिकामे. त्यातच दर काही लिटर पाण्यामागे एक खेकडा असा ठोकळ हिशेब मांडून पहिल्याच दिवशी वीस-पंचवीस हर्मिट आणले, तर साठलेले शेवाळ पाहता पाहता फस्त होते आणि पुढची उपासमार अटळ ठरते. सुरुवातीस मोजकेच खेकडे आणून, पेटीत शेवाळ किती वाढते हे पाहून मग भर घालणे शहाणपणाचे.

भुकेलेला खेकडा स्वस्थ बसत नाही. हर्मिट गोगलगायींवर चाल करतात. त्यात मांसही मिळते आणि शंखही. बुडबुड्यांसारखे हिरवे शेवाळ फोडून खातो म्हणून एमरल्ड क्रॅबची ख्याती आहे, पण ते संपले की त्याच्या नांग्या प्रवाळाच्या जिवंत मुखांकडे वळू शकतात. मग ‘हा खेकडा दुष्ट निघाला’ अशी तक्रार ऐकू येते. दोष त्याच्या स्वभावाचा नसून रिकाम्या पोटाचा असतो.

काय, किती आणि केव्हा

उपाय सोपा आहे. नोरी या नावाने मिळणारे, मीठमसाला न लावलेले वाळवलेले सागरी शेवाळ, तळाशी बसणारे खाद्याचे दाणे आणि अधूनमधून कच्ची कोळंबी किंवा शिंपल्यातील मांस एवढ्यावर या खेकड्यांचे उत्तम भागते. मांसाचा तुकडा मुगाच्या डाळीएवढा पुरे. आठवड्यातून दोन-तीनदा, पेटीतील दिवे मालवल्यानंतर, लांब चिमट्याने किंवा नळीने अन्न खेकड्याच्या पुढ्यात ठेवावे. दिवसा टाकलेला घास मासेच पळवतात. तास-दोन तासांत न खाल्लेले अन्न बाहेर काढावे, अन्यथा त्यातून नायट्रेट व फॉस्फेट वाढतात आणि नकोसे शेवाळ पुन्हा डोके वर काढते. उपाशी ठेवणे आणि अति खाऊ घालणे या दोहोंच्या मधली वाट धरावी लागते.

सर्वच खेकड्यांना हा शिधा चालत नाही. समुद्रफुलाच्या आश्रयाने राहणारा पोर्सेलिन क्रॅब पंख्यासारखे केसाळ अवयव पाण्यात फिरवून तरंगते सूक्ष्म अन्न गाळून घेतो. त्याला आर्टेमियाची नुकतीच जन्मलेली पिल्ले किंवा तितकेच बारीक प्लवक द्यावे लागते. बॉक्सर क्रॅब दोन्ही नांग्यांत एकेक चिमुकले समुद्रफूल धरून फिरतो आणि त्यांच्याच साहाय्याने अन्न गोळा करतो. त्यातले एक हरवले, तर उरलेल्याचे दोन तुकडे करून तो पुन्हा जोडी जमवतो, असे तांबड्या समुद्रातील खेकड्यांवरच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. अशा नाजूक प्राण्याला दांडग्या खेकड्यांच्या गर्दीत सोडणे म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढून घेणेच होय.

कात आणि घर

कोळणीकडून चिंबोरी घेताना जाणकार गृहिणी ती भरलेली आहे की पोकळ, हे दाबून पाहते. नुकतीच कात टाकलेली चिंबोरी पोकळ लागते. तिने पाणी शोषून अंग फुगवलेले असते आणि नव्या कवचात मांस भरायचे असते. पेटीतला खेकडाही वाढण्यासाठी असेच जुने कवच टाकतो. त्याआधी काही दिवस तो खाणे सोडतो आणि कपारीत दडतो. मग एके सकाळी तळाशी पाय, नांग्यांसकट अख्खा ‘मेलेला’ खेकडा दिसतो आणि मालक हळहळतो. मात्र ते कलेवर फिकट, पोकळ आणि दुर्गंधीरहित असेल तर ती नुसती कात असते. ती काढून टाकू नये. पुष्कळदा खेकडा ती खाऊन त्यातील कॅल्शियम परत मिळवतो. नवे कवच टणक होईपर्यंत त्याला छेडू नये. दडायला पुरेशा कपारी नसतील, तर या मऊ अवस्थेत सोबतीच त्याला फाडून खातात.

कवचासाठी लागणारे कॅल्शियम अन्नाप्रमाणेच पाण्यातूनही मिळते. प्रवाळांसाठी ते लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम राखले, की खेकड्याचीही सोय होते. आयोडीनचे थेंब मात्र पाणी तपासल्याविना घालू नयेत. नियमित पाणीबदलातून ते सहसा पुरेसे मिळते.

हर्मिटची आणखी एक गरज म्हणजे मोठे घर. त्याचे पोट मऊ असते आणि ते झाकणारा शंख त्याला स्वतः तयार करता येत नाही. समुद्रात एखादा मोठा शंख रिकामा मिळाला की आकाराच्या क्रमाने हर्मिट रांग लावतात आणि एकाने सोडलेल्या घरात दुसरा शिरतो. पेटीत ही सोय आपणच करायची असते. प्रत्येक खेकड्यामागे चढत्या आकाराचे दोन-तीन स्वच्छ, न रंगवलेले रिकामे शंख तळाशी ठेवले, की गोगलगायींचे खूनही कमी होतात.

पाण्याची पथ्ये

खेकड्याला क्षारतेतील अचानक बदल सोसत नाही. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आणि तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस असावे, अमोनिया व नायट्राइट शून्य असावेत. पेटीतून रोज पाणी उडते, मीठ मागेच राहते आणि क्षारता चढत जाते. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या, आरओ पाण्याने करावी, खाऱ्या पाण्याने नव्हे. आपल्याकडे मे महिन्यात पेटीतले पाणी ३० अंशांच्या वर सहज जाते आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा थंड करणारे यंत्र ही चैन राहत नाही. नवा खेकडा आणल्यावर पिशवीतील पाण्यात पेटीचे पाणी थेंबथेंब मिसळत दीड-दोन तास घालवावेत.

सर्वांत घातक शत्रू म्हणजे तांबे. माशांच्या अंगावरील पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरील अनेक औषधांत ते असते. खेकड्याच्या रक्तात प्राणवायू वाहणारे द्रव्य तांब्याचेच असते, तरीही पाण्यातील किंचित जादा तांबे त्याला ठार करते. शिवाय ते खडकात व वाळूत मुरून दीर्घकाळ राहते. आजारी माशाचे उपचार नेहमी वेगळ्या भांड्यात करावेत.

हिशेब समुद्राचाही

पेटीतला खेकडा मेला की दुसरा आणता येतो, पण हे खेकडे कुठून येतात? त्यांतील बहुतेक आजही समुद्रातूनच पकडले जातात. फ्लोरिडातील १९९४ ते २००७ या काळातील नोंदी तपासणारा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. शोभेच्या जीवांऐवजी पेटी साफ ठेवणाऱ्या जीवांची मागणी वाढत असून अशी पकड फार काळ टिकणारी नाही, असा इशारा त्याने दिला होता. हेच खेकडे व गोगलगायी समुद्रातले शेवाळ आटोक्यात ठेवत असतात. उपासमारीने मेलेल्या प्रत्येक खेकड्याच्या जागी नवा आणला जातो, तेव्हा त्याची किंमत तेथील खडकही मोजतात.

भारतात २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचे संरक्षण आहे. त्यामुळे किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून पेटी सजवणे हा गुन्हा ठरतो. खेकड्यासाठी मात्र मालकाच्या जाणिवेखेरीज दुसरा पहारेकरी नाही. म्हणूनच तो विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला आणि स्वतःला एक प्रश्न अवश्य विचारावा: पेटीतले शेवाळ संपल्यावर हा काय खाणार? उत्तर तयार असेल, तरच त्याला घरी आणावे.