ध्रुवतारा दिसत नसला तरी

पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम 18.5 अंशांवर असतो, मुंबईत 19, नागपुरात 21. अंगणाच्या उत्तरेला 20 मीटरवर तीन मजली इमारत असली, तर तो तिच्यामागे गेलाच. लंडनमध्ये तो 51 अंशांच्याही वर असतो; तेवढ्याच अंतरावरून त्याला झाकायला आठ-नऊ मजले लागतील. दुर्बिणीसोबत येणारी पुस्तिका मात्र कुठेही उघडली तरी पहिली पायरी तीच सांगते: माउंट ध्रुवताऱ्यावर रोखा. त्यामुळे ‘आमच्याकडे उत्तर दिसत नाही, मग इक्वेटोरियल माउंट घेऊन काय करू’ असे म्हणणारे हौशी निरीक्षक आपल्या शहरांत खूप आहेत. केवळ या समजापायी चांगली माउंट खोक्यात पडून राहते, याचे वाईट वाटते.

पोलर अलाइनमेंट म्हणजे माउंटचा मुख्य अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर करणे. ध्रुवतारा ही त्या दिशेची एक सोयीची खूण, आणि तीही अचूक नाही. खऱ्या खगोलीय ध्रुवापासून तो आज 0.6 अंशाहून जास्त दूर आहे, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीपेक्षाही थोडे अधिक. दक्षिण गोलार्धात तर अशी ठळक खूणच नाही. तिथल्या ध्रुवाजवळचा सिग्मा ऑक्टंटिस इतका मंद आहे की शहरातून नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही. तरीही ऑस्ट्रेलियातले हौशी लोक उत्तम छायाचित्रे काढतात. पृथ्वी फिरते तेव्हा सगळे आकाश त्याच अक्षाभोवती फिरताना दिसते. त्यामुळे अक्ष कुठे आहे हे आकाशाचा कोणताही तुकडा सांगू शकतो.

ते विचारून घेण्याची जुनी आणि आजही भरवशाची रीत म्हणजे ड्रिफ्ट पद्धत. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ गियोम बिगूर्दां (1851–1932) यांच्या नावानेही ती ओळखली जाते. दक्षिणेकडे तोंड करून याम्योत्तर वृत्ताजवळचा आणि वैषुविक वृत्ताजवळचा तारा निवडा. हिवाळ्यात मृगातल्या बाणाचे तारे यासाठी फार चांगले, कारण ते जवळजवळ वैषुविक वृत्तावरच आहेत. रेघा असलेली आयपीस किंवा कॅमेरा लावा, मोटर चालू ठेवा आणि पाहत राहा. तारा पूर्व-पश्चिम थोडा हलला तर सोडून द्या. तो दक्षिणेकडे सरकत असेल, तर अक्षाचे उत्तरेकडचे टोक पूर्वेला गेले आहे. उत्तरेकडे सरकत असेल, तर पश्चिमेला. आयपीसमधली उत्तर ओळखायची असेल तर नळी ध्रुवाच्या बाजूला किंचित ढकला; तारा दृष्टिक्षेत्राच्या ज्या कडेकडे जाईल ती दक्षिण. दिगंशाचा स्क्रू फिरवत तारा स्थिर करा.

मग पूर्वेला 20-30 अंश वर आलेला, वैषुविक वृत्ताजवळचाच दुसरा तारा घ्या. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे सरकला तर वर; उंचीचा स्क्रू फिरवत तोही स्थिर करा. पूर्वेला भिंत असेल तर पश्चिमेचा तारा चालतो, फक्त हा नियम उलटा होतो. एक स्क्रू फिरवला की दुसरी दिशा किंचित बिघडते, म्हणून दोन्ही पुन्हा तपासावे लागते. याला अख्खी रात्र जाते, हा समज आयपीसच्या काळातला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ताऱ्याचे सरकणे काही मिनिटांत लक्षात येते, आणि पीएचडी2 या मोफत प्रणालीत यासाठी स्वतंत्र साधन आहे.

आणखी सोपी वाटही आहे. माउंट फक्त मुख्य अक्षाभोवती फिरवत आकाशाच्या तीन जागांची छायाचित्रे घ्यायची. संगणक प्रत्येकातले तारे ओळखतो आणि अक्ष नेमका कुठे रोखलेला आहे ते काढतो. ‘नीना’ या मोफत प्रणालीतली तीन बिंदूंची जोडप्रणाली (प्लगइन) अशीच चालते, आणि तिला ध्रुवाचा भाग दिसावा लागत नाही. खरेदी करताना मात्र चौकशी करा: पोलमास्टर किंवा आयपोलर ही उपकरणे ध्रुवाच्या आसपासचे आकाश पाहूनच काम करतात. उत्तर झाकलेल्या घरी त्यांचा उपयोग नाही.

सुरुवातीची ढोबळ उत्तर शोधताना मोबाइलच्या होकायंत्रावर विसंबू नका. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक याला कारण नाही. महाराष्ट्रात तो एका अंशापेक्षा कमी आहे. खरा घोटाळा लोखंड करते: स्लॅबमधल्या सळ्या, ट्रायपॉड, वजने, मोटर. त्यापेक्षा आपल्या ज्योतिर्गणिताच्या परंपरेतला शंकू कामाला आणा. गच्चीवर ओळंब्यात काठी उभी करा, तिच्याभोवती वर्तुळ काढा, सावलीचे टोक सकाळी आणि दुपारनंतर वर्तुळाला जिथे टेकेल ते दोन बिंदू जोडा. ती पूर्व-पश्चिम रेषा. मध्यान्हीच्या सावलीवरूनही उत्तर मिळते, पण मध्यान्ह घड्याळात बाराला होत नाही. पुण्यात ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे 12:18 ला, तर फेब्रुवारीच्या मध्याला 12:49 च्या आसपास होते. हे काम हिवाळ्यात करावे. शून्य सावलीच्या दिवशी मध्यान्हीला रेषा मिळणारच नाही, आणि पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते.

‘गोटूचे तीन तारे जुळवले म्हणजे पोलर अलाइनमेंट झाले’, हेही खरे नाही. त्या तीन ताऱ्यांवरून गोटू, म्हणजे माउंटचा संगणक, आकाशातल्या वस्तू शोधायला शिकतो. लोखंडी अक्ष जिथे होता तिथेच राहतो. काही माउंटमध्ये त्यानंतर ध्रुवताऱ्याशिवाय अक्ष जुळवण्याची वेगळी सोय असते, ती स्वतंत्रपणे वापरावी लागते. एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंट आपोआप सावरणारे ऑटोगायडिंगही सगळे झाकत नाही: मार्गदर्शक तारा जागच्या जागी राहतो, पण दीर्घ छायाचित्रात बाकीचे तारे त्याच्याभोवती किंचित फिरतात आणि कोपऱ्यांत रेघा उमटतात. ट्रायपॉड काटेकोर सपाट हवा, हा आग्रह मात्र सोडायला हरकत नाही. सपाट असला तर दोन स्क्रू एकमेकांत कमी गुंततात, एवढेच.

अचूकता किती हवी, हे कामावर ठरते. एका कलेची चूक असेल तर तारा तासाला जास्तीत जास्त सुमारे 16 विकला सरकतो. दुर्बिणीतून नुसते गुरू-शनी पाहणाऱ्याला अर्ध्या अंशाची चूकही जाचत नाही. लांब पल्ल्याच्या नळीतून कित्येक मिनिटांची छायाचित्रे काढणाऱ्याने मात्र काही कलांच्या आत यावे.

एकदा जुळले की ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली गच्चीवर पक्क्या रंगाने खुणा करा आणि पायांची लांबी बदलू नका. पुढच्या वेळी ढोबळ उत्तर शोधावी लागणार नाही. आपल्या अक्षांशांवर अक्ष बराच आडवा असतो, त्यामुळे वजनाचा दांडा काही माउंटमध्ये ट्रायपॉडच्या पायाला अडतो. म्हणून खुणा करण्याआधी दांडा हळूहळू पूर्ण फिरवून पाहा आणि अडत असेल तर पायांची दिशा आधीच बदला.