जुन्या संगणकातील शब्दसंग्रह आणि नेटवर्क-फ्लॉपी

ज्या अभ्यासकांनी १९९० च्या सुमारास आपले शब्दसंग्रह डॉस या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या संगणकांत साठविले, त्यांच्यापुढे आज एक चमत्कारिक अडचण उभी आहे. हस्तलिखित जीर्ण झाले तरी ते डोळ्यांनी वाचता येते. परंतु संगणकातील मजकुराचा वाचक यंत्रच असतो, आणि ते यंत्र बंद पडले की संग्रह असून नसल्यासारखाच होतो.

या यंत्रांना यूएसबीची खाच नसते. फ्लॉपीवर फार तर १.४४ मेगाबाइट मजकूर मावतो. हार्ड डिस्क काढून नव्या यंत्रास जोडावी, तर १९८० च्या दशकातील कित्येक डिस्का त्यांच्या मूळ नियंत्रक-कार्डाखेरीज वाचता येत नाहीत. यास्तव यंत्र जागेवरच ठेवून त्यातील मजकूर नेटवर्कच्या तारेने बाहेर आणणे हा मार्ग श्रेयस्कर ठरतो. नेटवर्क-फ्लॉपी हे त्याचे साधन होय.

यंत्र सुरू होताच त्यातील बायॉस सामान्यतः प्रथम फ्लॉपी तपासतो आणि तिच्या पहिल्या ५१२ बाइटांतील आज्ञा स्मृतीत आणतो. त्या आज्ञा पुढे कार्यप्रणालीस पाचारण करतात. अशा रीतीने हार्ड डिस्कवर काहीही न लिहिता यंत्र चालू होते. मूळ संग्रहास धक्का न लावणे हा संशोधनाचा पहिला दंडक असल्यामुळे या गुणाचे महत्त्व विशेष आहे.

फ्लॉपीवर तीन गोष्टी असाव्या लागतात. पहिली कार्यप्रणाली, यासाठी मुक्तपणे मिळणारी फ्रीडॉस पुरेशी आहे. दुसरी, नेटवर्क-कार्डाशी बोलणारा पॅकेट ड्रायव्हर. एनई२००० या जातीच्या कार्डाचा ड्रायव्हर सहज मिळतो; मात्र कार्डाचा पत्ता आणि व्यत्यय-क्रमांक त्यास अचूक सांगावे लागतात. तिसरी, एमटीसीपी हा आज्ञावलींचा संच. त्यातील एफटीपी आज्ञावली नव्या संगणकावरील एफटीपी सेवेकडे फायली पाठविते. यंत्राचा नेटवर्क-पत्ता फ्लॉपीवरील फायलीत आधीच लिहून ठेवावा. म्हणजे फ्लॉपी लेखनबंद करता येते. एफटीपीत परवलीचा शब्द उघडपणे तारेवरून जातो. म्हणून दोन्ही यंत्रे संस्थेच्या जाळ्यापासून अलग, आपसांतच जोडावीत.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. एफटीपीचे पाठविण्याचे दोन प्रकार आहेत: मजकूर आणि द्विमान. पहिल्यात ओळींच्या शेवटची चिन्हे बदलली जाऊ शकतात. डीबेस फायलीत प्रत्येक नोंदीची लांबी ठरलेली असते; एक बाइट अधिकउणा झाला की पुढील सर्व नोंदी सरकतात आणि एका शब्दाचा अर्थ दुसऱ्याच्या पदरी पडतो. म्हणून द्विमान प्रकारच निवडावा, प्रत्येक फाईल दोनदा आणावी आणि दोन्ही प्रती बाइटशः ताडून पाहाव्यात.

आणलेला मजकूर लगेच वाचता येईल अशी अपेक्षा मात्र धरू नये. त्या काळच्या पुष्कळ देवनागरी फायली इस्की संकेतात आहेत. त्याचे मानक १९९१ साली प्रसिद्ध झाले. इस्कीत ‘क’ या अक्षराचा क्रमांक १७९ आहे, तर युनिकोडमध्ये २३२५. पाश्चात्त्य संकेत गृहीत धरणारी आज्ञावली १७९ च्या जागी वर चढविलेला तीनचा अंक दाखविते. मजकूर बिघडला असे समजून अशी फाईल टाकून देणे म्हणजे अपरिचित लिपीतील ताम्रपट वितळविण्यासारखेच आहे. शिवाय इस्कीत १७९ हा क्रमांक बंगाली आणि तेलुगू लिपींतील ‘क’ चाही असतो.

तात्पर्य, फायलीसोबत ती कोणत्या आज्ञावलीने, कोणत्या संकेतात आणि कोणत्या लिपीसाठी तयार झाली, याची नोंद ठेवावी. ही माहिती पुष्कळदा फायलीत नसून तयार करणाऱ्यांच्या स्मरणात असते. तेव्हा त्यांना विचारून घेण्याचे काम फ्लॉपी तयार करण्याच्याही आधी उरकले पाहिजे.